एका तिकिटाची घोंगडी

पिंपळगाव रेणुकाईचा सांडू धनगर माणूस सरळ होता. आयुष्यात तो दोनदाच फसला, एकदा घोडा घेताना आणि एकदा गाण्याचं तिकीट घेताना. घोड्याचं मी सांगणार नाही, कारण घोडा विकणारा आमच्या नात्यातला होता आणि त्याची मुलं अजून माझ्याकडं चहाला येतात. तिकिटाचं मात्र सांगतो. तिकीट विकणारा जालन्याचा होता.

सांडू अंगानं उंच, किडकिडीत, आणि बोलायला अतिशय सावकाश. सकाळी मेंढरं सोडताना त्याला काही विचारलं तर उत्तर संध्याकाळी मेंढरं परत आणताना मिळायचं. तोवर विचारणारा विसरून गेलेला असायचा. सांडू विसरायचा नाही. "सकाळी पुसलं व्हतं ना तुमी," असं म्हणून रस्त्यात अडवून उत्तर द्यायचा.

हात मात्र जल्दी चालायचे. आमच्याकडं घोंगडी दोन पट्ट्यांची असते. मागावर एक पट्टी विणायची, मग दुसरी, आणि दाभणानं, लोकरीच्याच दोऱ्यानं, दोन्ही एकमेकींना जोडायच्या. खरी कारागिरी त्या जोडणीत. सांडूनं जोडलेली घोंगडी उलटीपालटी करून शिवण शोधायची, यावर लोक विडीच्या पैजा लावायचे आणि विड्या हरायचे.

त्याची बायको आसराबाई. तिला गाण्याचा नाद. दळताना गायची, लोकर पिंजताना गायची, आणि भांडतानासुद्धा तिचा आवाज सुरात असायचा. हे मला शेजारच्या दुर्गाबाईनं सांगितलं, आणि दुर्गाबाईला अनुभव दांडगा होता.

दुसऱ्या महायुद्धाच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. मुलूख निजामाचा. रेणुकाईच्या जत्रेत पहिल्यांदाच तंबूतलं गाणं आलं. गाणारी चंदाबाई, आणि तिला आणणारा ठेकेदार भुजंगशेठ. हा आधी सरकीच्या धंद्यात बुडाला होता आणि गाण्याच्या धंद्यात वर आला होता. डोक्याला जरीची टोपी, बोटात दोन अंगठ्या, बोलणं असं गोड की ऐकणाऱ्यानं आधी कनवटीला हात लावून बघावा.

आसराबाईनं कधी नाही ती एक गोष्ट नवऱ्याकडं मागितली. "मला त्या बाईचं गाणं ऐकवा," म्हणाली. सांडूनं दुसऱ्या दिवशी होकार दिला. भोकरदनच्या बाजारात एक मेंढा विकला आणि जमिनीवरच्या बैठकीची दोन तिकिटं घेतली, नंबर एकसष्ट आणि बासष्ट.

आता तिकिटाचा भाव म्हणजे नुसता भाव नव्हता. आमच्या खिशात निजामाचा हाली रुपया. भुजंगशेठला पाहिजे इंग्रजाचा कलदार. का, तर म्हणे चंदाबाईचं सामान कलदारच्या मुलखातून आलं. मग बदलाचा बट्टा आला. त्यावर कनातखर्चा, म्हणजे तंबूला कापडाच्या भिंती लावल्या त्याचा. त्यावर पानसुपारी, ती कुणी खाल्ली देवीला ठाऊक. आणि सगळ्यावर बत्तीखर्चा. जत्रेतलं गाणं दिवे लागायच्या आत आटपायचं असा तालुक्याचा हुकूम होता, म्हणून गाणं भर दुपारी. दुपारच्या गाण्याला बत्ती कशाला, असं आमच्या गल्लीतल्या रखमाजीनं विचारलं, तेव्हा भुजंगशेठ म्हणाला, "बत्ती जालन्याहून आणलीय. लागली न्हाई, हा तुमचा फायदा."

सांडू आणि आसराबाई धुतलेले कपडे घालून आत गेले, तर जाजमावर खडूनं लिहिलेल्या एकसष्ट आणि बासष्टवर हसनाबादचे दोन गृहस्थ मांडी घालून बसलेले. त्यांच्याकडंही एकसष्ट आणि बासष्टच.

"शेठ, हा नंबर माझा हाय," सांडू म्हणाला.

"तुझाच हाय. मी कुठं न्हाई म्हणलं?"

"मंग हे कोण?"

"यांचा बी तोच हाय."

"एक नंबर दोघांला कसा?"

भुजंगशेठनं तिकीट घेऊन उजेडात धरलं, मागंपुढं पाहिलं आणि परत दिलं. "यावर नंबर लिव्हलाय. त्यो एकाच मानसाचा, असं कुठं लिव्हलंय का? कागद बोलतो, सांडू. मी बोलत न्हाई."

पैसे परत मागितले तर कागदच पुन्हा बोलला: विकलेलं तिकीट परत नाही. दोघं बाहेर आले. आसराबाई तंबूच्या मागच्या बाजूला गेली आणि कनातीला कान लावून उभी राहिली. वारा तिच्या बाजूचा होता. आत चंदाबाईनं गाणं धरलं:

"गेला सांगून येतो म्हणून, दारी लावून गेला दिवा..."

एवढी ओळ चंदाबाईनं चार तऱ्हांनी घोळवली. आसराबाईनं कान आणखी दाबून धरला. पुढची ओळ येणार एवढ्यात भुजंगशेठचा मेहुणा बद्रीनाथ काठी घेऊन आला.

"ए बाई, कनातीला कान लावायचं तिकीट येगळं हाय."

सांडूकडं आता नुसती कनवट उरली होती. दोघं घरी आले.

पुढं वर्षभर आमच्या गल्लीनं जे सोसलं ते कुणाला सांगून पटणार नाही. आसराबाई पहाटे जात्यावर बसली की सुरू व्हायची, "गेला सांगून येतो म्हणून, दारी लावून गेला दिवा," आणि दिव्यापाशी थांबायची. जातं थांबायचं, गाणं थांबायचं, गल्लीतली झोप थांबायची. पुढं काय? दिवा विझला का? तो आला का? दुर्गाबाईचं मत, तो दुसरीकडं अडकला असणार. तिचा स्वतःचा नवरा सिल्लोडला अडकायचा म्हणून हे मत. रखमाजी म्हणायचा, तेल किती घातलं होतं ते कळल्याशिवाय काही सांगता येत नाही. दोन म्हाताऱ्यांत यावरून अबोला झाला. एक दिवस दुर्गाबाई सांडूला म्हणाली, "भाऊ, तुमच्या मंडळीला येक तर पुढचं गानं आनून द्या, न्हाई तर मला दुसरं घर पाहून द्या."

आसराबाई स्वतः एकदाच म्हणाली, "मेंढा गेल्याचं न्हाई वाटत. पर मी मरन तवा अर्ध्यातच मरन."

सांडूनं याचं उत्तर त्या दिवशी दिलं नाही. दुसऱ्या दिवशीही दिलं नाही. त्यामुळं त्यानं ते फार मनावर घेतलंय, हे आम्ही ओळखलं.

वर्ष फिरलं. जत्रेआधी भुजंगशेठ पुन्हा जागा मागायला चावडीवर आला. गाव तापलेलं होतंच. पाटील काकासाहेब मधे बसलेले. आवाज हलका, पण कागद उर्दू असो की मोडी, वाचणारा गावात तेवढाच एक माणूस. काकासाहेब म्हणाले, "शेठ, हे मैदान रेणुकाईचं. इथं मानूस मोजून बसवत न्हाईत. इथली रीत अशी, की ज्यानं घोंगडी टाकली त्याची जागा, आन घोंगडीवर बसला तो घोंगडीवाल्याचा पाव्हना. पाव्हन्याला कुनी उठवत न्हाई. ही रीत मानत असशील तर तंबू ठोक."

भुजंगशेठनं डोळे मिटून मनात हिशेब केला. घोंगडीवर गुडघे आवळून बसली तर माणसं पाच. मग घोंगडीचा भाव दहा माणसांचा लावला की झालं. तोंडावर मात्र असं दुःख आणलं, जणू जावयाला शेत लिहून देतोय. "तुमची रीत ती माझी रीत," म्हणाला, आणि तसं छापून आणलं.

बाजाराच्या दिवशी वडाखाली टेबल मांडून तिकीटविक्री सुरू झाली. रांगेत सांडू चौथा. पहिल्याला तिकीट मिळालं, दुसऱ्याला मिळालं, आणि भुजंगशेठनं पेटी बंद केली.

"खलास."

"आत्ता तं उघडली," सांडूच्या पुढचा म्हणाला.

"गाणं लोकांना लई आवडतं."

वीस पावलांवर लिंबाखाली बद्रीनाथ बसला होता. मांडीवर तिकिटांची गड्डी, हातात भाजलेले हरभरे. भाव दुप्पट. कुणीतरी म्हणालं, "तू तं शेठचा मेव्हना."

"नात्यानं मेव्हना हाय," बद्रीनाथ म्हणाला. "धंद्यानं आमची वळख न्हाई."

सांडूकडं दुप्पट सोडाच, एकपटही नव्हतं. त्यानं खांद्यावरची नवी कोरी काळी घोंगडी उतरवली आणि बद्रीनाथच्या पुढ्यात ठेवली. वर्षाच्या निवडक लोकरीची होती ती. बद्रीनाथनं हात फिरवला, शिवण शोधली, सापडली नाही, आणि एक तिकीट दिलं. बत्तीखर्चा वेगळा, गाण्याच्या दिवशी, हे सांगायला विसरला नाही.

आता सांडूकडं तिकीट होतं आणि घोंगडी नव्हती. रखमाजीनं हे जेव्हा त्याला दाखवून दिलं तेव्हा सगळे हसले. सांडू हसला नाही. तो तिकीट घेऊन थेट काकासाहेबांच्या ओट्यावर गेला.

"पाटील, वाचा."

काकासाहेबांनी वाचलं. "एक तिकीट, एक घोंगडी. घोंगडीवर बसतील तेवढी माणसं. विकलेलं तिकीट परत नाही. बत्तीखर्चा वेगळा."

"पुन्यांदा."

पुन्हा वाचलं. सांडू खाली बघत बसला. काकासाहेबांचं पान खाऊन झालं, विडा थुंकून झाला.

"लांबी-रुंदी लिव्हलीय का?"

"न्हाई."

"किती पट्ट्यांची, ते?"

काकासाहेबांनी चष्म्यावरून त्याच्याकडं बघितलं. मग कागद उलटा करून मागची बाजू पाहिली, आणि आमचे काकासाहेब, जे कुणाच्या लग्नातसुद्धा हसत नसत, ते असे हसले की आतून बायको बघायला आली.

त्या संध्याकाळी सांडू गल्लीत घरोघर फिरला. एवढं बोलताना त्याला कुणी कधी पाहिलं नव्हतं. "घोंगडी द्या. जत्रा झाल्यावर उसवून देतो." फाटकी, नवी, लेकराच्या शीची, सासऱ्याच्या आठवणीची, सगळ्या प्रकारच्या घोंगड्या धनगरवाड्यात जमल्या. एकशेसात झाल्या. दुर्गाबाईनं तर अंगावरची काढून दिली आणि म्हणाली, "मला त्या मेल्याचं काय झालं ते कळू द्या येकदाचं."

आठ दिवस सांडू दाभण घेऊन बसला होता. बायका दोरा वळून देत होत्या. आसराबाईनं पहिल्या दिवशी टोमणा मारला, "एवढी घोंगडी तुमच्या आज्यानं बी पाह्यली नसन," आणि दुसऱ्या दिवसापासून दुसरं दाभण घेऊन समोरच्या टोकाला बसली. दोघं दोन टोकांकडून शिवत मधे येत होते. चावडीवरचा पोलीस जमादार एकदा येऊन बघून गेला. काय करून राह्यले, असं त्यानं विचारलं. सांडू म्हणाला, "घोंगडी." यात खोटं काही नव्हतं.

जत्रेच्या दिवशी दुपारी चाळीस माणसांनी ती घोंगडी गुंडाळी करून खांद्यावर घेतली आणि वाजतगाजत तंबूच्या दारी आणली. पुढं सांडू, हातात तिकीट.

"हे काय?" भुजंगशेठनं विचारलं.

"घोंगडी."

"किती?"

"येक."

"ही शेकड्यानं शिवलेली हायती."

"घोंगडी शिवलेलीच आसती, शेठ. दोन पट्ट्याची बी शिवतेत. शिवली की येक."

"मला मूर्ख समजतो का? कुठं जोडलीय ते मी दाखवतो." भुजंगशेठ गुडघ्यावर बसला आणि घोंगडीवर नाक टेकवून शिवण शोधायला लागला. टोपी पडली. बद्रीनाथ दुसऱ्या बाजूनं शोधायला लागला. अख्खी जत्रा गोळा होऊन हे बघत होती, आणि फुकट. शिवण सापडेना. शेवटी भुजंगशेठ काकासाहेबांकडं वळला.

"पाटील, तुमीच सांगा. ही येक घोंगडी हाय का?"

"मी काय सांगनार?" काकासाहेब म्हणाले. "कागद बोलतो, शेठ. मी बोलत न्हाई."

सांडूनं कनवटीतून बत्तीखर्च्याची दोन आण्यांची चवड काढली आणि भुजंगशेठच्या तळहातावर मोजून ठेवली. "बराबर हाय का बगा."

घोंगडी उलगडायला लागली. तंबू होता पन्नास घोंगड्यांचा. घोंगडी जाजमं झाकत गेली, खांबांना वळसे घालत गेली, समोरच्या कनातीला लागली आणि कनातीखालून पलीकडं निघाली. पलीकडं मैदानात तेवढीच उरली. आता घोंगडीवर बसलेला माणूस तिकिटात बसतो, आणि त्याच्यासमोर कापड आडवं, हे कसं चालणार? काकासाहेब म्हणाले, कनातखर्चा घेताय तर कनात वर करा. भुजंगशेठच्याच गड्यांनी चारी बाजूंच्या कनाती गुंडाळून वर बांधल्या. तंबूचं छत तेवढं राहिलं.

मग बद्रीनाथची गिऱ्हाइकं आली. हसनाबादचे ते गेल्या वर्षीचे दोघंही त्यात होते, दुप्पट भावाची तिकिटं आणि बगलेत आपापल्या घोंगड्या. टाकायला जागा कुठं होती? त्यांच्यातला एक सांडूला ओळखून चपापला. सांडूनं त्याला कोपऱ्यापाशी नेलं.

"या, बसा. घोंगडी तुमचीच हाय. आपला नंबर येकच व्हता."

ते बसले. पण टाकायला न मिळालेल्या जागेचे पैसे मागायला पुढची तीन वर्षं ते बद्रीनाथला बाजारात हुडकत होते. बद्रीनाथ त्या दिवशीच सांडूची काळी घोंगडी डोक्यावरून घेऊन, कुणी ओळखू नये म्हणून तालुक्याच्या रस्त्याला लागला. एप्रिलच्या उन्हात डोक्यावरून घोंगडी घेतलेला माणूस कुणाच्या नजरेतून सुटतो?

भुजंगशेठनं शेवटचा डाव टाकला. गाणं रद्द. चंदाबाई तोवर बाहेर येऊन ती घोंगडी बघत होती. वाकून तिनं हातसुद्धा फिरवला. म्हणाली, "शेठजी, माणसं बसली आहेत, मी गाणार. माझी बिदागी मी आधीच घेतलेली असते. तुम्हाला ओळखते म्हणून."

तेव्हा भुजंगशेठनं सांडूचं मनगट धरलं. "चल चावडीवर. जमादारापुढं फिर्याद लिव्हतो तुझ्यावर."

सांडूनं आसराबाईकडं पाहिलं. ती अगदी पुढं बसली होती, दुर्गाबाईच्या शेजारी, पदर नीट करत. मग शेठबरोबर गेला.

चावडी रिकामी. शिपाई नाही, जमादार नाही. दोघं पायरीवर वाट बघत बसले. जमादार घोंगडीवर तिसऱ्या रांगेत होता. मला पक्कं माहीत आहे, माझा गुडघा त्याच्या पाठीला लागत होता. इकडं वारा चावडीच्या बाजूचा झाला आणि चंदाबाईचा आवाज आला, "गेला सांगून येतो म्हणून, दारी लावून गेला दिवा..." सांडू उठून उभा राहिला. भुजंगशेठनंही मान वर केली. आणि वारा फिरला. पुढचं तिकडं हसनाबादच्या रस्त्याला गेलं. मैदानावरून फक्त हसण्याचा एक मोठा लोट आला.

"काय म्हणली?" भुजंगशेठनं विचारलं. त्यानं स्वतः आणलेलं गाणं त्यानं कधी ऐकलं नव्हतं. तो कायम दारात पैसे मोजत असायचा.

"मला काय म्हाईत," सांडू म्हणाला. "मी बी भायेरच हाय."

फिर्याद लिहिली गेली नाही. जमादार आला तो गुणगुणतच आला आणि म्हणाला, शेठ, कागद पाटलांकडून वाचून घेतला, तुमचीच सही आहे.

आम्ही ऐकलं ते असं होतं: "तेल सरलं नि उजाडलं गं, आता कशाला मेला हवा." आसराबाई अशी हसली, की चंदाबाईनं ती ओळ तिच्याकडं बघून तीनदा गायली. दुर्गाबाईचे डोळे पुसायला पदर पुरेना. रखमाजी म्हणाला, "मी म्हनलंच व्हतं, तेलाची बाब हाय."

संध्याकाळी सांडूनं घरी येऊन विचारलं, "पुढं काय हाय?"

आसराबाईनं भाकरी थापता थापता सुरू केलं, "गेला सांगून येतो म्हणून, दारी लावून गेला दिवा," आणि थांबली.

"मंग?"

"तिकीट लागन."

गल्लीत त्यानं ज्याला-त्याला विचारून पाहिलं. पण आसराबाईनं आधीच सगळ्यांना ताकीद दिलेली. वर्षभर ज्यांनी अर्धं गाणं सोसलं होतं ते आता सांडू दिसला की मुद्दाम दिव्यापर्यंत गाऊन गप्प व्हायचे. मीसुद्धा. जमादारसुद्धा.

तिकडं घोंगडी उसवायची होती. स्वतःचीच शिवण स्वतःला सापडेना, म्हणून त्या कामाला दीड महिना लागला, आणि घोंगड्यांची अदलाबदल झाली ती झालीच. दुर्गाबाईकडं अजून पाटलांच्या घरची घोंगडी आहे. ती म्हणते, माझीच. इकडं सांडू रोज विहिरीवरून दोन घागरी पाणी आणून द्यायचा. तिकिटाचा तो भाव ठरला होता. आठव्या दिवशी त्यानं घागरी खाली ठेवल्या आणि जात्यापाशी बसला.

"झालं का तिकीट?"

"झालं," आसराबाई म्हणाली. खुंट्याला हात घातला, घसा साफ केला, आणि थांबली.

"आता काय?"

"बत्तीखर्चा येगळा हाय. सरपन फोडून ठिवा, मंग गाते."

सांडू कुऱ्हाड शोधायला उठला.